जुनी फटफटी पारखताना



या व्यासपीठावरून कवितेवर, इतिहासावर, पाऊसपाण्यावर व्याख्याने होत आली आहेत. आज कामगार संघटनेतला एक माणूस फटफटीवर बोलणार आहे, हे फळ्यावर वाचून दोघातिघांनी चिटणीसांकडे चौकशी केली म्हणे, की विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना? चूक झालेली नाही. चिटणीसांचा आग्रह कामगार कायद्यावर बोलण्याचा होता. मी त्यांना म्हटले, कायद्यावर मी वर्षभर बोलतच असतो आणि ऐकणारे वर्षभर जांभया देतच असतात. पण गेली काही वर्षे संध्याकाळी आमच्या कचेरीत जो प्रश्न वारंवार येतो तो पगारवाढीचा नसतो. "दादा, एक जुनी बुलेट मिळतेय. घेऊ का?" हा तो प्रश्न. विचारणारा कधी पंचविशीतला फिटर असतो, कधी नुकताच निवृत्त झालेला मोल्डर. दोघांच्याही खिशात घामाचे पैसे असतात, आणि ते कुठे जातात याच्याशी संघटनेचा संबंध नाही असे मला वाटत नाही.

मी दहावीनंतर लेथवर उभा राहिलो. पुढे जे काही शिकलो ते मशिनकडून, ग्रंथालयातून आणि चुकांमधून. तेव्हा आज मी सांगणार ते एखाद्या इंजिनिअरचे शास्त्र नव्हे. हात काळे झालेल्या माणसाची ही पारख आहे.

प्रथम 'जुनी' म्हणजे काय ते ठरवून घेऊ. वय एवढाच अर्थ मला अभिप्रेत नाही. भारतात 1 एप्रिल 2020 पासून 'भारत टप्पा सहा'चे नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. पेट्रोल किती सोडायचे, ठिणगी कधी पाडायची, हे आता एक सीलबंद डबी ठरविते. ती बिघडली की मिस्त्री पान्याला हात लावीत नाही. आधी यंत्र जोडून डबीला विचारतो, की बाई, तुला काय होते आहे? यात वाईट काही नाही. नव्या गाडीचा धूर कमी, पेट्रोलचा खर्च कमी, आणि ब्रेक दाबल्यावर चाक जाम न होऊ देणारी सोय तर जीव वाचविणारी आहे. 'जुने ते सोने' म्हणत नव्याला नावे ठेवणाऱ्यांतला मी नव्हे.

पण ज्या गाडीत ही डबीच नाही, तिची गोष्ट वेगळी. तिची ठिणगी दोन धातूंच्या टिकल्या उघडमीट करून पडते, पेट्रोल एका पितळी जेटच्या भोकातून येते आणि तेल एक साधा पंप फिरवतो. तिचा बहुतेक प्रत्येक बिघाड डोळ्याला दिसतो, कानाला ऐकू येतो, नाही तर बोटाला लागतो. म्हणूनच अशी गाडी विकत घेताना माणसाला फसण्याचे कारण नसते. आणि तरीही माणसे फसतात. का फसतात, तेवढेच आज पाहावयाचे आहे.

आपल्याकडे अशा गाड्या म्हणजे मुख्यतः तीन घराणी. पहिले बुलेटचे. रॉयल एनफील्ड ही मूळची इंग्लंडातील रेडिच गावची. मद्रासला 1955 साली एनफील्ड इंडिया स्थापन झाली आणि आपल्या लष्करासाठी व पोलिसांसाठी बुलेट इथे जोडली जाऊ लागली, पुढे पूर्णपणे इथेच बनू लागली. 1970 च्या सुमारास मूळची इंग्रज कंपनी बुडाली, पण मद्रासच्या कामगारांनी तोच आराखडा पुढे चालविला. बिडाच्या सिलिंडरची 350 बुलेट साधारण 2010 पर्यंत निघत होती. एखादी वस्तू जन्मगावी मरावी आणि परमुलुखात चाळीस वर्षे जगावी, असे क्वचितच घडते.

दुसरे घराणे जावा-येझदीचे. मूळ चेकोस्लोव्हाकियाचे. यानेचेक नावाच्या गृहस्थाने वांडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचा परवाना घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून 'जावा' केले. आपल्याकडे ती म्हैसूरला आयडियल जावा कंपनी करीत असे. 1973 पासून तिचे नाव येझदी झाले आणि 1996 साली तो कारखाना बंद पडला. तिसरी राजदूत. पोलंडच्या गाडीवरून बेतलेली, एस्कॉर्टस कंपनीची, दूधवाल्यांची आणि ग्रामसेवकांची लाडकी. कोणी म्हणेल, यामाहाची आर.एक्स. 100 राहिली. 1985 ते 1996 या काळातील ती गाडी गोड आहे यात वाद नाही. पण तिच्यात टिकल्यांच्या जागी सी.डी.आय.ची डबी बसली होती, म्हणून ती आजच्या विषयाच्या उंबरठ्यावर उभी आहे. तिला तिथेच राहू द्या.

आता एक कटू गोष्ट आधीच सांगून टाकतो. ज्याला सकाळी सातच्या पाळीला वेळेवर पोहोचायचे आहे, ज्याच्या घरी दुसरे वाहन नाही आणि ज्याला रविवारी हात काळे करण्याची हौस नाही, त्याने ही गाडी घेऊ नये. ती लाजाळू बैलासारखी असते. मालकाचा हात ओळखते, परक्याचा ओळखत नाही. आणि प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे काढून तर ती कोणीच घेऊ नये. कोणी सांगेल, की अमक्याची येझदी भंगारात जायची होती, ती आता एवढ्याला गेली, म्हणजे ही तर गुंतवणूकच झाली! हौसेचा भाव हा पावसाळ्यातल्या ओढ्यासारखा असतो. तो उतरला म्हणजे तुमच्या दारात उरते ते दीडशे-पावणेदोनशे किलो लोखंड.

एवढे ऐकूनही ज्याला घ्यावयाचीच आहे, त्याच्यासाठी पुढचे.

गाडी पाहायला सकाळी जा. मालकाला आदल्या दिवशी निरोप द्या, की मी येण्यापूर्वी गाडी सुरू करू नका. आणि गेल्यावर नमस्कार-चमत्कार होत असतानाच, कोणाच्या ध्यानात येणार नाही अशा बेताने, इंजिनवर हात ठेवा. ते थंडगार असले पाहिजे. कोमट असेल तर चहा घ्या, गप्पा मारा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा या.

हे मला कोणी शिकविले? माझ्याच मूर्खपणाने. 1997 साली मी बुलेट घेतली, 1978 सालची. संघटनेचे काम नुकतेच अंगावर घेतले होते आणि चार गावांच्या कारखान्यांतून फिरावे लागे. विकणारा एक दलाल होता. गाडीला काळा रंग असा दिला होता, की त्यात तोंड पाहून भांग पाडावा. एका किकमध्ये सुरू झाली. मी भारावलो. अहो, गरम बुलेट एका किकमध्ये सुरू होणारच! दाट तेल गरम होऊन पातळ झालेले असते, पिस्टन फुगून सिलिंडरला लागलेला असतो, आणि थंडीत ऐकू आले असते ते सारे खडखडाट निवलेले असतात. तीनशे किलोमीटरच्या आत बिग एंड गेले. क्रँकचे काम, बोअरिंग, पिस्टन मिळून गाडीच्या निम्म्या किमतीएवढा खर्च झाला. त्या दलालाला मी शोधीत गेलो तेव्हा त्याने मला चहा पाजला आणि म्हणाला, "साहेब, गाडी तुम्हीच पास केली होती की!" खरे होते ते.

तर आता थंड इंजिन समोर आहे. बुलेट असेल तर हेडलाइटच्या वर, त्या केसिंगमध्ये, ॲमीटर नावाचे एक लहानसे घड्याळ असते. पुष्कळांना ते शोभेचे वाटते. वास्तविक जुन्या बुलेटचे सारे अंतरंग त्या काट्यात आहे. दिवे बंद ठेवून चावी फिरवा आणि किक हाताने किंवा पायाने अगदी हळूहळू खाली न्या. पॉईंटच्या टिकल्या मिटलेल्या असतात तेव्हा बॅटरीतून कॉइलकडे वीज वाहते, म्हणून काटा वजा बाजूला झुकतो. टिकल्या उघडल्या की प्रवाह तुटतो आणि काटा मधोमध येतो. किक फिरवीत राहिलात तर काटा झोपाळ्यासारखा इकडे-तिकडे झाला पाहिजे. तो हलतच नसेल तर बॅटरी मेलेली, तार तुटलेली, टिकल्या काजळलेल्या किंवा खुद्द ॲमीटरच गेलेला. सतत वजा बाजूला पडून राहत असेल तर टिकल्या उघडतच नाहीत, किंवा कुठे तरी वीज जमिनीला लागते आहे. पाच रुपयांचा खर्च न करता, इंजिन सुरू न करता, तुम्ही विजेचा अर्धा संसार तपासलात.

हाच काटा गाडी सुरू करण्यासही उपयोगी. किक दाबीत दाबीत नेली की एका ठिकाणी ती घट्ट होते. पिस्टन वर येऊन हवा दाबू लागलेला असतो. तिथे थांबा. काटा मध्याजवळ असेल. मग हँडलवरची डिकॉम्प्रेसरची लहान दांडी ओढा, किक जराशी पुढे सरकवा, दांडी सोडा, किक पुन्हा वर येऊ द्या, आणि आता पायाचे पूर्ण वजन टाकून एक सलग लाथ द्या. ज्या मालकाला हा क्रम माहीत आहे आणि जो तो न चुकता करतो, त्याची गाडी बहुधा सांभाळलेली असते. जो नुसता घोड्यासारखा लाथा झाडतो, त्याच्या गाडीचे किकचे दाते पाहून घ्या. गाडी तपासताना निम्मे लक्ष मालकाकडे असावे, हे मी मुद्दाम सांगतो. घरात तेलाचा डबा आहे काय, कोणत्या नंबरचे तेल घालता, शेवटचे कधी बदलले, हे विचारा. उत्तर देण्यास वेळ लागला तर तो वेळ म्हणजेच उत्तर.

दाबाची परीक्षाही किकनेच होते. डिकॉम्प्रेसर न ओढता, किक घट्ट होते त्या जागी तिच्यावर हळूच उभे राहा. निरोगी बुलेट तुम्हाला काही क्षण तोलून धरते आणि मग सावकाश खाली सोडते. पाय ठेवताच किक खाली गेली तर हवा कुठून तरी निसटते आहे. रिंगांतून, वाल्व्हमधून, नाही तर डिकॉम्प्रेसरच नीट बसत नाही. यातले शेवटचे कारण स्वस्त आहे, पहिली दोन नाहीत. मालकाला विचारा, बोअर कितीवर आहे? 350 बुलेटचा मूळ बोअर 70 मिलिमीटर आणि स्ट्रोक 90. सिलिंडर झिजला की तो मोठा करून 20, 40, 60 असे मोठे पिस्टन घालतात. हे इंचाच्या हजाराव्या भागातले आकडे. 60 वर आलेल्या सिलिंडरला पुढे नवी स्लीव्ह घालण्यावाचून गत्यंतर नाही. त्याची किंमत आजच मोजा.

इंजिन सुरू झाले. लगेच ॲक्सिलेटर पिळू नका आणि मालकालाही पिळू देऊ नका. हा एक जुना डाव आहे; आवाजात आवाज बुडतो. मंद गतीवर ऐका. वरच्या बाजूला बारीक टिकटिक असेल तर ती टॅपेटची, तिची भीती नाही. थंड असताना सिलिंडरमधून टपटप येते आणि गरम झाल्यावर कमी होते, ती सैल पिस्टनची. खर्च पुढे आहे, पण आज नाही. मात्र खालून, पोटातून, जड ठोका येत असेल आणि गाडीवर जोर पडताच तो वाढत असेल, तर ते बिग एंड. एक लांब स्क्रूड्रायव्हर घ्या, टोक क्रँककेसवर टेका आणि मूठ कानाच्या मागल्या हाडाला लावा. मशिनशॉपमध्ये बेअरिंग तपासण्याची हीच रीत होती. डॉक्टरांच्या नळीत आणि आमच्या या नळीत फार अंतर नाही, फक्त आमचा रोगी जास्त खोटे बोलत नाही.

मग धुराकडे वळा. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. पण बुलेटच्या बाबतीत थोडे सबुरीने घ्या. हिच्या तेलाची टाकी क्रँककेसच्याच पोटात, वेगळ्या कप्प्यात असते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, की त्या कप्प्यातले तेल झिरपून क्रँकच्या खोलीत उतरते, आणि सुरू केल्यावर काही मिनिटे निळ्या धुराचा डोंब उठतो. तो निवळला तर दोष उभे राहण्याचा. पंधरा मिनिटांनीही निवळला नाही तर दोष रिंगांचा किंवा वाल्व्ह गाईडचा. याच वेळी रॉकरकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा वरचा नट मालकाच्या परवानगीने किंचित सैल करून पाहा. तेल डोकावले पाहिजे. पंप चालत नसेल तर बाकी सारी पारख व्यर्थ आहे. खाली जमिनीवर तेलाचे दोनचार थेंब दिसले तर बिचकू नका. आमच्या गॅरेजमध्ये थट्टेने म्हणतात, की ज्या बुलेटमधून तेल गळत नाही तिच्यात तेल घालायचे राहिले आहे.

जावा-येझदी आणि राजदूत यांचा न्याय निराळा. या टू-स्ट्रोक गाड्या, पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणाऱ्या, त्यामुळे थोडा निळसर धूर हा त्यांचा श्वासच आहे. येझदीत तपासायचे ते क्रँकचे ऑइल सील. ते फाटले की गिअरबॉक्समधले तेल इंजिनात ओढले जाऊन जळू लागते. धूर दाट होतो, थांबत नाही, आणि गिअरचे तेल मात्र दर महिन्याला कमी भरते. दुसऱ्या बाजूचे सील गेले तर हवा शिरते, आणि मूठ सोडली तरी इंजिन आपले आपणच वर चढत राहते. सील स्वस्त असते. पण ते बदलण्यासाठी काय काय उघडावे लागते ते मिस्त्रीला आधी विचारा. येझदीची आणखी एक गंमत म्हणजे किक आणि गिअर यांची एकच दांडी. नवशिक्याला वाटते किक मोडली. दांडीला खेळ किती आहे आणि किक मारून झाल्यावर ती गिअरच्या जागी नीट येते की नाही, हे पाच-सहा वेळा करून पाहावे. राजदूतबद्दल वेगळे सांगण्यासारखे थोडे आहे. साधी, सोशिक गाडी. टाकी आणि चॅसिसचा गंज तेवढा पाहा.

टाकी मात्र सर्वांची पाहा. झाकण काढून आत टॉर्च मारा. बाहेरून आरसा आणि आतून गंजाची विहीर, असे पुष्कळदा आढळते. आता यात एक नवी भर पडली आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढत वाढत 2025 साली वीस टक्क्यांपर्यंत आले. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, आणि पन्नास वर्षांपूर्वीचे रबर, कॉर्क, वॉशर त्याच्यासाठी बनलेले नव्हते. पेट्रोलची नळी बोटाने दाबून पाहा. फुगलेली, चिकट किंवा तडकलेली असेल तर कार्बोरेटरच्या आतले रबरही तसेच असणार. अशी गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवावे, असे मी आमच्या पोरांना सांगतो. ते ऐकत नाहीत.

सांगाडा तपासायला इंजिनापेक्षा कमी वेळ लागतो, पण इंजिनाने खिसा जातो, सांगाड्याने जीव जातो. दहा पावले मागे जाऊन उकिडवे बसा. दोन्ही चाके एका रेषेत दिसली पाहिजेत. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मधोमध अडल्यासारखे झाले तर मानेतल्या गोळ्यांनी कपात खड्डे पाडले आहेत. मागचे चाक आडवे हलवून पाहा. पान्याने एकेक तार वाजवा. ताणलेली तार घंटेसारखी वाजते, सैल तार भांड्यासारखी. रंग जिथे उगाच जाड वाटतो तिथे नख लावा, वेल्डिंग असेल तर खाली उंचवटा लागेल. आणि ब्रेक. या गाड्यांचे ड्रम ब्रेक त्या काळच्या रहदारीसाठी होते. आज तुमच्यापुढची मोटार थांबेल त्या अंतरात तुम्ही थांबणार नाही. शिवाय जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. आयुष्यभर उजव्या पायाने ब्रेक दाबलेला माणूस संकटात उजवाच पाय दाबतो, आणि गाडी थांबण्याऐवजी गिअर बदलते. रिकाम्या मैदानात आठ दिवस सराव केल्याशिवाय अशी गाडी रस्त्यावर आणू नये. हे मी विनोदाने सांगत नाही.

सुट्या भागांचे म्हणाल तर बुलेटचे जवळपास सारे मिळतात, येझदीचे पुष्कळ मिळतात, पण नवे बनविलेले भाग आणि कारखान्यातले भाग यांत फरक असतो. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मी कित्येक चकरा मारल्या आहेत. तिथे गंजलेला मूळचा भाग चकचकीत नकलेपेक्षा चांगला निघाल्याचे अनेकदा पाहिले. म्हैसूरच्या ज्या हातांनी ते दाते कापले, त्यांचे काम कारखाना बंद पडून इतकी वर्षे झाली तरी अजून फिरते आहे; त्यांची नोकरी मात्र 1996 सालीच थांबली. गाडीची किंमत वाढली, की हे माझ्या मनात येते. असो. भागांपेक्षा दुर्मिळ झाला आहे तो मिस्त्री. पॉईंटची फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवायची हे पुस्तकात आहे. टिकल्यांवर निळी ठिणगी तडतडते म्हणजे कंडेन्सर मेला, हे ओळखणारा डोळा पुस्तकात नाही. गाडी घेण्यापूर्वी मिस्त्री शोधा. त्याला सोबत न्या, आणि त्याचा दिवस बुडतो म्हणून त्याला रोजगार द्या. फुकटची पारख करणाऱ्याला कधी कधी विकणाराही चहा पाजतो.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सर्वात मोठी. ती लोखंडाची नाही, कागदाची आहे.

आमच्या संघटनेचे एक सभासद, फाउंड्रीतले मोल्डर. सज्जन माणूस. निवृत्तीच्या वर्षभर आधी त्यांनी आपली राजदूत एका ओळखीच्या मुलाला विकली. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, पैसे रोख. "नावावर करून घेतो काका," म्हणून मुलगा गाडी घेऊन गेला. सहा वर्षांनी काकांना मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस आली. गाडी त्या मुलाने दुसऱ्याला विकली होती, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि तिसऱ्याने रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना उडविले होते. विमा संपून चार वर्षे झालेली. आर.सी. बुकावर नाव मात्र काकांचे. स्टॅम्पपेपर घेऊन ते आमच्या कचेरीत आले तेव्हा त्यांचे हात कापत होते. "मी तर ती गाडी सहा वर्षांत पाहिलेलीसुद्धा नाही हो," एवढेच ते म्हणत होते.

कायदा काय सांगतो? 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या पन्नासाव्या कलमाप्रमाणे विकणाऱ्याने, राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर, चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला कळवावयाचे असते आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव बदलून घ्यावयाचे असते. आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच भरपाईपुरता मालक. मधल्या विक्रीची साखळी जखमी माणसाने शोधीत बसायची नाही. जखमी बाईंच्या बाजूने पाहिले तर हे योग्यच आहे, आणि मी काकांना तसे सांगितलेही. त्यांनी मान डोलावली. शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली; काकांच्या ग्रॅच्युइटीतला मोठा हिस्सा त्यात गेला. हप्त्यांनी भरला. गाडी त्यांनी अठरा हजारांना विकली होती.

म्हणून विकणाऱ्यांनो, 29 नंबरचा फॉर्म स्वतः भरून पोच घ्या. 30 नंबरचा घेणाऱ्याकडून तुमच्यासमोर भरून घ्या. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देणे म्हणजे कोरा चेक देणे. आणि घेणाऱ्यांनो, आर.सी. बुकावर ज्याचे नाव आहे त्याचे तोंड पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. तो वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी व्हावी लागते, त्याचा फॉर्म 31. लिलावातली गाडी असेल तर 32. कर्ज घेतलेले असेल तर बँकेचा दाखला आणि 35. परराज्यातली असेल तर तिकडच्या आर.टी.ओ.चे ना-हरकत पत्र. ते नसेल तर गाडी कितीही सुंदर असो, तुम्ही शोभेची वस्तू विकत घेत आहात.

नोंदणीची पहिली पंधरा वर्षे संपली की पुढे पाच-पाच वर्षांनी पुन्हा पासिंग करावे लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. शेवटचे पासिंग कधी झाले ते बुकात पाहा. बारा वर्षे पासिंगच न झालेली गाडी स्वस्त का मिळते ते मग समजेल. परिवहन खात्याच्या ॲपवर क्रमांक टाकलात तर बुकातला मजकूर आणि सरकारच्या नोंदीतला मजकूर जुळतो की नाही हे दोन मिनिटांत दिसते. थकलेले दंडही दिसतात. आणि एक पेन्सिल, एक पातळ कागद जवळ ठेवा. चॅसिसच्या क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासा, आर.टी.ओ.त हाच छाप मागतात. आकडे एका ओळीत, एका खोलीचे उमटले पाहिजेत. एखादा आकडा तिरका, भोवतालचे लोखंड घासलेले, म्हणजे तिथे कोणाचा तरी ठोकळा नि हातोडा येऊन गेला आहे. अशा गाडीपासून चालत नव्हे, धावत दूर जावे.

काही जणांनी मला विचारले, की पन्नास वर्षांवरच्या गाडीला सरकारने 2021 साली 'व्हिंटेज' नोंदणी दिली आहे, ती घ्यावी का? त्यात क्रमांकाच्या मधोमध 'व्ही.ए.' ही अक्षरे येतात आणि नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये आहे. पण अशी गाडी रोज रस्त्यावर चालविता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढता येते. ज्याला ती काचेत ठेवायची आहे त्याने जरूर घ्यावी. आमच्या कचेरीत येणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी एवढी मोठी काच मी पाहिलेली नाही.

वेळ संपल्याची घंटा चिटणीसांनी मघाशीच दाखविली. माझी स्वतःची ती 1978 ची बुलेट अजून आहे, बोअर 40 वर, आणि आज याच पटांगणाच्या बाहेर चिंचेखाली उभी आहे. खाली दोन थेंब तेलही पडले असेल. ज्या कोणाला ॲमीटरचा काटा प्रत्यक्ष पाहायचा असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर यावे. ज्यांना आपली पाहून ठेवलेली गाडी मला दाखवायची असेल त्यांनी रविवारी सकाळी आठ वाजता कचेरीवर यावे. मात्र गाडी चालवीत आणू नका. मीच तिच्यापाशी येईन.